भूक नसताना चावणारे

गेल्या मार्गशीर्षात, रात्री पावणेअकरा वाजता, माझ्या धुळ्याच्या साडूभाऊंनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. ‘भरीत खावं तर धुळ्यालाच.’

मी जेवलो होतो. भरीतच जेवलो होतो. दात घासले होते, कानाला मफलर गुंडाळला होता, दिवा मालवला होता. अशा वेळी शहाण्या माणसाने फोन पालथा घालून झोपावं. मी उठून बसलो. चष्मा शोधला (तो माझ्याच खाली होता, आता त्याला एकच काडी आहे) आणि लिहायला घेतलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे लिहिलं. बामणोदचं वांगं, कपाशीच्या काड्यांवरची ती धग, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून कळण्याची पुरी, हे सगळं लिहिलं. धुळ्याला कशाचं मानांकन आहे, असं विचारलं. मग तिथल्या पांझरा नदीबद्दल एक वाक्य लिहिलं, ते सभ्यतेला धरून नव्हतं म्हणून खोडलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा लिहिलं. एकूण चौदा निरोप गेले. पलीकडे सामसूम. रात्री दीड वाजता साडूभाऊंचं उत्तर आलं. त्यात अक्षर नव्हतं. एका माशाचं चित्र होतं.

सकाळी मी फोन लावला.

“साडूभाऊ, तो मासा कशाला पाठवलात?”

“लागला म्हणून.”

“कुठे लागला? कोण लागला?”

“तुम्ही,” साडूभाऊ म्हणाले. “पहिल्याच फेकीला. धुळ्याचं भरीत मलाही आवडत नाही हो.”

साडूभाऊ टपाल खात्यातून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर लोक अध्यात्माकडे वळतात, गुडघ्यांकडे वळतात, काही सोसायटीच्या राजकारणात जातात. साडूभाऊ गळाकडे वळले. तोही साधा गळ नाही. गांडूळ, कणकेचा गोळा असल्या जुन्या गोष्टींना ते हात लावत नाहीत. त्यांच्याकडे पेटी आहे. सुताराच्या पेटीसारखी उघडते, पायऱ्या पायऱ्यांनी वर येते आणि आत खोटे मासे, खोटे बेडूक, पत्र्याची भिंगणारी पानं, पिसं लावलेले आकडे निजलेले असतात. या सगळ्याला मिळून ल्यूर म्हणतात. खाण्यासारखं त्यात काहीच नसतं.

“गांडुळाला मासा भुकेपोटी येतो,” साडूभाऊंनी मला फोनवरच दीक्षा दिली. “भुकेल्याला पकडण्यात काय कौशल्य? ल्यूरला मासा भूक नसताना चावतो. कधी चिडून, कधी दचकून, कधी नुसता आगाऊपणानं. काल रात्री तुम्ही जेवला होतात ना?”

अपमान झाला की माणूस एक तर भांडतो, नाही तर विषय शिकून घेतो. मी दोन्ही केलं. भांडण झाल्यावर चार ल्यूर, एक रॉड आणि एक रील मागवलं.

पुडकं आलं त्या दिवशी घरात जरा उत्सुकता होती, कारण बाहेरून ते लहान आणि जड होतं. आमचं जळगाव सोन्याच्या बाजाराचं. इथल्या बायका लहान आणि जड वस्तूकडे आदरानेच बघतात. बायकोने पत्र्याचा एक लांबट सोनेरी ल्यूर उजेडात धरला. तो फिरला, लकाकला, भिंतीवर कवडसा नाचला.

“नाजूक आहे हो,” ती म्हणाली. “कितीचं?”

“दोनशे ऐंशी.”

“एकाच कानाचं?”

खरं सांगितल्यावर तिने तो खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा जो आवाज आला त्याचा अर्थ लावायला शास्त्र लागत नाही. दोन दिवसांनी भाची आली होती. तिने तोच ल्यूर आकड्यासकट कानाला लावून आरशात बघितलं, “मावशी, हे कुठून घेतलं?” असं विचारलं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही पक्कड शोधत होतो. माझ्या ल्यूरला लागलेला तो पहिला जीव.

त्या पत्र्याच्या ल्यूरला इंग्रजीत स्पून म्हणतात. म्हणजे चमचा. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएल नावाचा गृहस्थ होडीत बसून काहीतरी खात होता, हातातला चमचा पाण्यात पडला, गिरक्या घेत खाली जाताना एका माशाने तो पकडला, अशी आख्यायिका आहे. एवढं खरं की ब्यूएलने चमच्याच्या आकाराच्या ल्यूरचं पेटंट १८५२ साली घेतलं. मला या माणसाच्या भोळेपणाचं नवल वाटलं. चमचा पुढे केला की मोठा मासा आपोआप जवळ येतो, हे आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात कळतं. त्याला पेटंट कसलं घ्यायचं?

मी मनापासून वाचायला लागलो. उद्देश ज्ञानाचा नव्हता. साडूभाऊंना एकदा तरी गप्प करायचं होतं. पहिलंच घबाड मिळालं ते घरातलं निघालं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजाने काय खावं, कसं बसावं, हत्ती कसा ओळखावा, सगळं त्यात आहे. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे. मासे किती प्रकारचे, कुठल्याला काय खाऊ घालावं, दोरी कशाची, काठी कशी! नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने राज्य सांभाळून हे लिहून ठेवलंय, असं मी बायकोला अभिमानाने सांगितलं. शिवाय महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, याचीही नोंद याच ग्रंथात आहे, हेही सांगितलं.

“बरोबर आहे,” बायको म्हणाली. “नवरे नदीवर, मग कांडायला दुसरं कोण असणार?”

सोमेश्वराची भिस्त मात्र खाऊ घालण्यावर आहे. आधी माशांना पोसावं, सवय लावावी, मग गळ टाकावा. ही झाली निवडणुकीची पद्धत. रबराचा बेडूक टाकून पोटभरल्या माशाला चिडवणं हा प्रकार वेगळा, आणि त्याचं मर्म मला सापडलं ते हॉलंडमध्ये.

तिथे लायडनला निको टिंबर्गन नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. बोटभर लांबीचे, पाठीवर काटे असलेले मासे त्यांनी काचेच्या टाक्यांत पाळले होते. विणीच्या दिवसांत या माशातल्या नराचं पोट लालभडक होतं, आणि दुसरं लाल पोट हद्दीत दिसलं की तो धावून जातो. टिंबर्गन यांनी खोटे मासे करून आत सोडले. हुबेहूब माशासारखा, पण लाल नसलेला पुतळा आत गेला तर नर ढुंकून बघेना. उलट शेपूट नाही, पर नाहीत, नुसता ओबडधोबड गोळा, पण खालून लाल रंगवलेला, अशा गोळ्यावर तो तुटून पडे. मासा अख्खा मासा बघतच नाही. तो एक खूण बघतो आणि पुढचं सगळं अंगात आपोआप होतं. टाक्या खिडकीपाशी होत्या. रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली की टाकीतले नर त्या बाजूच्या काचेवर धडका द्यायला धावत. या कामासह प्राण्यांच्या वागण्यावर केलेल्या संशोधनाबद्दल टिंबर्गन यांना १९७३ साली नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर वाटून.

हे मी साडूभाऊंना जरा घाबरतच सांगितलं. ते गहिवरले.

“आमच्या खात्याची गाडी,” ते म्हणाले. “बघा, मासेसुद्धा उठून उभे राहायचे.”

त्या माशांना हसायचा मला अधिकार नाही. मी स्वतः धुळ्याला जायचं म्हणून एकदा लाल गाडी दिसल्याबरोबर पाटी न वाचता धावलो, खिडकीतून रुमाल टाकला, जागा पकडली, शेजाऱ्याशी जागेवरून भांडलो आणि चोपड्याला उतरलो.

तर ल्यूर म्हणजे ही खूण. अख्खा मासा बनवायची गरजच नाही. १९३६ साली फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने बुचातून सुरीने एक मासा कोरला, वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. त्याने होडीतून बघून ठेवलं होतं की लहान माशांचा थवा जात असताना मोठा मासा नेमका लंगडणारा मासा उचलतो. म्हणून त्याचा बुचाचा मासा नीट पोहतच नव्हता. किंचित डुगडुगत, हेलपाटत जायचा. पुढे त्याच नावाची कंपनी जगभर गेली. एक जण डुगडुगला की बाकीच्यांच्या अंगात संचारतं, ही गोष्ट आम्हाला कीर्तनात शिकवतात, वर्गात शिकवतात, आणि माझ्या नोकरीतल्या बत्तीस वर्षांत मी दर बढतीच्या वेळी पाहिली.

शिवाय माशाला नुसत्या डोळ्यांवर अवलंबून राहावं लागत नाही. त्याच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ जाते. मासा साफ करणाऱ्या बायकांना ती नीट ठाऊक असते. त्या रेघेने त्याला पाण्यातली थरथर कळते. गढूळ पाण्यातही कोण कुठून पळतंय, कोण पिसाटलंय, याची बातमी अंगाला लागते. आमच्या वाड्यात पूर्वी एक काकू होत्या, त्यांना ही रेघ होती. माशाला ही थरथर पोचावी म्हणून ल्यूरच्या पोटात छर्रे भरतात, पुढे फिरतं पातं लावतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माशाला हात नसतात. समोर काहीतरी विचित्र आलं तर आपण ते उचलून उलटंपालटं करून बघतो. मासा तोंडात घालून बघतो. कुतूहल आणि चावा यांत त्याच्याकडे अंतरच नाही. लहान मुलांचंही असंच असतं, फक्त त्यांना आई असते.

रंगाचं म्हणाल तर लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विझतो. जरा खोल गेलं की लाल ल्यूर काळपट दिसतो. हे मी लाल ल्यूर विकत घेतल्यावर वाचलं. म्हणजे त्या रंगाचे पैसे ज्याला बघायला मिळणार तो मासा नव्हता, मीच होतो.

सरावासाठी मी मेहरूण तलाव निवडला. ही चूक होती. सकाळी मेहरूणच्या काठाने निम्मं जळगाव चालायला येतं आणि त्यातल्या प्रत्येकाला गळ टाकता येतो. मी सगळे आकडे काढून नुसतं वजन बांधून फेकायला उभा राहिलो.

“मनगटातून, काका, मनगटातून.”

“काही नाही, खांद्यातून येऊ द्या.”

“आधी मागे बघा!” हे एक बाई ओरडल्या. सल्ल्यांमधला तेवढाच उपयोगाचा होता, पण उशिरा आला. वजन मागे गेलं, पुढे आलं, माझ्या टोपीसकट हवेत चढलं आणि काठावर दुधीचा रस विकणाऱ्याच्या पातेल्यात उतरलं. पातेलं मी विकत घेतलं. दोन ग्लास प्यायलो. उरलेला रस जमलेल्या मार्गदर्शकांना वाटला. तिकडे रीलमध्ये दोरीचं असं घरटं झालं होतं की त्यात कावळ्याने अंडी घातली असती. तो गुंता सोडवायला रविवार गेला आणि सोमवारही अर्धा गेला.

मोहीम ठरली हतनूरला. हतनूर म्हणजे भुसावळच्या पुढचं तापीवरचं धरण. पावसाळ्यात ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ ही बातमी आली की आमच्याकडे लोक सहकुटुंब पाणी बघायला जातात. थंडीत मात्र फुगवटा शांत असतो. साडूभाऊ आदल्या रात्रीच धुळ्याहून नव्वदेक किलोमीटर येऊन आमच्याकडे मुक्कामाला राहिले. रात्री बायकोने मुद्दाम भरीत केलं. ते तीनदा मागून घेऊन साडूभाऊ म्हणाले, “बरं आहे.” मी पोळीचा घास हातात धरून ताठ बसलो. बायकोने डोळ्यांनी खुणावलं. ल्यूर होता तो.

पहाटे साडेपाचला पोचलो. तिथल्या मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारून, त्याने दाखवलेल्या जागेवर उभे राहिलो. पाण्यावर धुकं होतं, लांबवर पाहुणी बदकं होती, आणि त्या बदकांसाठी आलेले दोन दुर्बीणवाले आमच्याकडे नापसंतीने बघत होते. पंधरा पावलांवर एक म्हातारे आबा पोत्यावर बसले होते. त्यांच्याकडे एक बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या दांडीचा तरंगता तुकडा आणि शेजारी फडक्यात कळण्याची भाकरी. भाकरीचा एक घास ते स्वतः खायचे, एक चुरून त्याचा गोळा गळाला लावायचे. दोघांची न्याहारी एकच.

माझा बेडूक त्यांनी हातात घेऊन बघितला.

“हे काय व्हय भाऊ?”

“बेडूक. रबराचा.”

“कितीले?”

“साडेतीनशे.”

आबांनी तो दाबून बघितला. पोट पोकळ असतं, दाबलं की आत जातं आणि पाठीला चिकटून असलेले दोन आकडे वर येतात. मासा चावला की हेच होतं. एरवी आकडे झाकलेले, त्यामुळे पाणवनस्पतीत अडकत नाहीत. आबांना ती युक्ती पटलेली दिसली.

“अन् जित्ता?”

“जिवंत बेडूक तर काय, फुकटच मिळतो.”

“मंग?” आबा म्हणाले.

त्या ‘मंग’ला मी अजून उत्तर शोधतोय.

पुढचे दोन तास मी अत्यंत शास्त्रशुद्ध वागलो. चमचा फेकला. लंगडा मासा फेकला. छर्र्यांचा ल्यूर फेकला, त्याचा खुळखुळ एवढा की दुर्बीणवाल्यांनी जागा बदलली. साडूभाऊ माझ्या डाव्या हाताला त्यांच्या पेटीतले नग एकामागून एक बदलत होते आणि प्रत्येक वेळी नवीन सिद्धांत सांगत होते. ऊन नाही म्हणून चमकत नाही. मग ऊन आलं, तर ऊन जास्त झालं. थंडीत मरळ आळसावते. पाणी उतरलंय. पाणी स्थिर आहे. माझा शर्ट पांढरा आहे. एवढ्यात मी गळाला लावलेल्या वस्तू अशा: एक बाटली, जुन्या जाळ्याचा तुकडा, साडूभाऊंचं स्वेटर (ते आत असताना). आबांनी तोपर्यंत सात चिलापी काढल्या होत्या. चिलापीला सिद्धांत लागत नाही, ती सगळं खाते.

“काय साडूभाऊ,” माझे साडूभाऊ मला म्हणाले. चिडवायचं असलं की ते अहिराणीत शिरतात. “मासा भेटना का नई?”

मी काही बोललो नाही. बेडूक जेमतेम आठ-दहा हातांवर, शेवाळाच्या कडेला टाकला आणि रॉड दगडाला टेकवून थर्मासमधला चहा ओतायला वळलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. मरळीला श्वासासाठी वर यावं लागतं, तिला हवेतली हवा लागते. ती वर आली की पाण्यावर एक बारीक बुडबुडा फुटतो. तो मी बघितला. बेडकापासून वीतभर लांब. बेडूक पडला तेव्हाची वर्तुळं पसरत पसरत काठाला लागली आणि पाणी पुन्हा ताटासारखं झालं. बेडूक नुसता तरंगत होता. त्याला कोणी ओढत नव्हतं, खुळखुळवत नव्हतं, त्याच्यावर कुणाचा कसला सिद्धांत चालला नव्हता. मी चहाचा कप ओठाला लावला. शेवाळ एका जागी किंचित फुगलं. मग खळ्ळकन आवाज झाला, एक काळं रुंद डोकं दिसलं, आणि बेडूक नाहीसा झाला.

माणसाच्या हातात चहा असताना त्याने काय करावं हे कुठल्याच ग्रंथात नाही. मी कप सोडला, रॉड धरला आणि दोन्ही हातांनी, उभ्या आयुष्यातल्या सगळ्या बढत्या आठवून, मागे ओढला. बेडूक मरळीच्या तोंडातून सुटून निघाला. माझ्या कानाजवळून गेला. आबांच्या डोक्यावरून गेला. आणि मागच्या बाभळीच्या शेंड्याला जाऊन बसला. पाणवनस्पतीत अडकत नाही, अशी हमी खोक्यावर होती. बाभळीबद्दल त्यावर एक अक्षर नव्हतं.

मरळ गेली. पाण्यावर थोडा वेळ फेस राहिला. माझ्या पँटवर चहा होता.

“ओढण्याआधी दोन आकडे मोजायचे असतात,” साडूभाऊ शांतपणे म्हणाले. “ती तोंडात धरते, वळते, मग ओढायचं. तुम्ही कुठेच मोजत नाही. ग्रुपवरसुद्धा नाही.”

आबांनी आम्हाला तीन चिलापी दिल्या, पैसे घेतले नाहीत. घरी त्या आम्ही पकडल्या असं सांगायचं ठरलं होतं. साडूभाऊंनी दारातच सांगून टाकलं की जावईबापूंच्या बेडकाने बाभूळ पकडली.

त्यानंतर मी आणखी एक गोष्ट वाचली आणि ती मला लागली आहे. पुन्हा डचच. १९७० साली तिथल्या एका संशोधकाने तळ्यातल्या पाइक नावाच्या शिकारी माशांवर गळ टाकून बघितला. फिरत्या पात्याच्या ल्यूरला जो मासा एकदा लागला, तो सोडून दिल्यावर पुन्हा सहसा त्या ल्यूरच्या वाटेला जाईना. एका चाव्यात धडा. खऱ्याखुऱ्या जिवंत आमिषाला मात्र तो आधीसारखाच लागायचा. मला वाईट वाटलं ते एवढ्यासाठी की माशाचा मेंदू असून असून केवढासा असतो. आणि मी भरिताच्या एका ओळीला चौदा निरोप देऊन तीनच आठवड्यांनी ‘जळगावचं ऊन धुळ्यापेक्षा कमी’ या ओळीला अकरा निरोप दिले होते. उन्हाचा अभिमान बाळगणारा प्राणी पाण्यात सापडत नाही, तो आमच्याकडेच सापडतो.

म्हणून मी मोजायला लागलो. परवा रात्री साडेदहाला साडूभाऊंची ओळ आली. ‘शेवभाजी म्हणजे धुळेच. बाकी सगळं शेव आणि पाणी.’ माझ्या कुशीवरची रेघ थरथरली. मी एक म्हटलं. दोन म्हटलं. वीसपर्यंत गेलो. फोन पालथा घातला, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं, त्यावर ज्ञानेश्वरी ठेवली आणि झोपलो. फार वर्षांनी असा झोपलो.

सकाळी उठून बघतो तो ग्रुपवर एकोणीस निरोप. शेवटचा पहाटे दोनचा. सगळे आमच्या सौभाग्यवतींचे. तिचं आणि साडूभाऊंच्या बायकोचं माहेर अमळनेर, आणि शेवभाजी अमळनेरची, तिथे दुसरा कुणाचा संबंधच नाही, असा एकूण सूर होता. पंधराव्या निरोपात हतनूरची बाभूळही येऊन गेली होती, मला न विचारता. खाली साडूभाऊंचं माशाचं चित्र. त्याखाली भाचीचं कानातल्याचं चित्र.

तर हतनूरच्या फुगवट्यावर थंडीत जाणं झालंच तर काठाच्या वरच्या अंगाला तीन बाभळी लागतील, त्यातल्या मधल्या बाभळीच्या शेंड्याकडे बघावं. हिरवा बेडूक, पोट पांढरं, मागे दोन शेपट्या. काढायला चढलात तर आकडे जपून. ते आता उघडे आहेत. मिळाला तर तो आबांना द्या, त्यांच्या नातवाला खेळायला होईल.

आणि भरीत जळगावचंच. बामणोदच्या वांग्याचं. कुणाला काही म्हणायचं असेल तर मी साडेदहानंतर जागा असतो.